पडलेल्याला शिवायचं नाही

१४ जून, शुक्रवार

चर्चमधून दरवर्षी एक डायरी मिळते. आजवर तिची पानं फाडून मी गिऱ्हाइकांना तळलेल्या मांदाझी बांधून दिल्या. यंदा लिहायला बसले आहे, कारण आज मी एक खोटं बोलले आणि ते सांगायला घरात दुसरं माणूस नाही. भावाची पोर स्कोला आहे, पण खोटं तिच्याचबद्दल आहे.

मेल्किओर आजोबा सकाळी खानावळीत आले. चहा झाला, मांदाझी झाल्या, मग खाकरले. तेव्हाच मी समजले. नुसता चहा प्यायला आलेला माणूस खाकरत नाही, मध्यस्थ खाकरतो.

“क्रेसेन्सिया, इफाकाराचा एक कोंबडा तुझ्या अंगणात दाणे टिपतोय.”

“कास्तोर ना? भातगिरण्या दुरुस्त करणारा? दिसतोय की मला. माहेंगेत काम नसलं तरी माझ्याकडे जेवायला येतो. माझ्या राजम्याला एवढी चव नाही, आजोबा.”

“म्हणजे तुझी हरकत नाही.”

“मी कुठं तसं म्हटलं?”

“हरकत असती तर दुसरा चहा दिला नसतास.”

म्हातारा बिलंदर आहे. जाता जाता अगदी सहज विचारल्यासारखं करून म्हणाला, “पोरगी तब्येतीनं कशी?” मी म्हटलं, ठणठणीत. एका शब्दात म्हटलं. त्यांनीही पुढे विचारलं नाही. ते माहेंगेचेच आहेत, स्कोला महिन्याच्या महिन्याला कुठल्या रांगेत उभी असते हे त्यांना ठाऊक आहे. पण विचारणं त्यांचं काम आणि उत्तर देणं माझं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या गावात फेफरं घराआड घर आहे. कोणी नदीवरच्या माश्यांना दोष देतं, कोणी पूर्वजांना. गावातल्या गावात कोणी कोणाला हिणवत नाही. पण बाहेरचं स्थळ आलं की गाव गप्प बसतं. आज मीही गावासारखीच वागले.

२६ जून, बुधवार

आज दवाखान्यात गोळ्या वाटायचा दिवस. स्कोलाबरोबर गेले. रांगेत युदिता होतीच. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. स्कोला बाराव्या वर्षी पडायला लागली, युदिता त्याही आधीपासून. लहानपणी चुलीजवळ पडली होती, तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजलेला आहे. पोरगी शिवणात हुशार, तोंडाने फटकळ, पण तिच्या दारात मध्यस्थ खाकरणार नाही हे तिलाही माहीत आहे.

“मावशी,” मला म्हणाली, “हिच्या लग्नात करवली मी. आत्ताच सांगून ठेवते. झगा मीच शिवणार, म्हणजे नंतर कोणाला काढून घेता येणार नाही.”

“अजून कशात काही नाही.”

“तो कास्तोर तुमच्या खानावळीत तिसरी ताटली मागतो तेव्हा सगळ्यात सगळं असतं.”

रांगेतल्या बायका हसल्या. स्कोला लाजून माझ्या मागे लपली, एवढी बावीस वर्षांची घोडी. मीही हसले. मनात मात्र आलं, करवली वेदीजवळ उभी राहते. तिथे ही पडली तर?

६ जुलै, शनिवार

सोयरीक ठरली. कास्तोरच्या घरचे आले, बोलणी झाली, माझा होकार झाला. होकार झाल्याबरोबर ओटीवर बसलेल्या बायकांनी जिभा हलवून विगेलेगेलेचा असा काही गलका केला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. आनंदाच्या प्रसंगी हे व्हायचंच.

आतल्या खोलीत स्कोला पडली.

मला आवाज आला, धप्प असा. मी आत गेले आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिले. तिच्याकडे पाहिलं नाही. मोठ्यांदा भजन म्हणायला लागले, बाहेर टाचांचा खडखडाट ऐकू जाऊ नये म्हणून. पहिलं कडवं संपायच्या आत तिचा आवाज आला, “आत्या, तुझं कडवं चुकलं.” वळून पाहते तर बसलेली, केस नीट करत होती. पाच मिनिटांनी सरबताचं ताट घेऊन बाहेर. कास्तोरची आई म्हणाली, पोरीच्या गालांवर काय लाली आहे.

आनंद सोसला नाही पोरीला. नको त्या वेळी आलं आणि लवकर गेलं, देवाची कृपा.

११ जुलै, गुरुवार

कास्तोरने स्कोलाला नवा फोन दिला. आज पहाटे त्याचा गजर झाला आणि ती खाटेवरून खाली आली. पौर्णिमाही नाही. मी शंकेने रात्रीचं जेवण आठवलं, त्यातही काही वावगं नव्हतं. एक गोळी जास्त दिली. ती दिवसभर पेंगत होती आणि तिने रस्स्यात दोनदा मीठ घातलं.

२१ जुलै, रविवार

कास्तोरला सांगावं का, हा विचार सोडत नाही. प्रवचनात फादर सत्याबद्दल बोलत होते आणि मला वाटलं माझ्याकडेच बघून बोलत आहेत. ते माशी हाकलत होते.

माझ्या आईने मला लहानपणीच शिकवलं होतं. फेफऱ्यात माणूस पडला की मागे सरायचं, शिवायचं नाही, फेस वाळू द्यायचा. थुंकीतून लागतं. दवाखान्याच्या भिंतीवर चित्र लावलंय, लागत नाही म्हणून. नर्सबाईही सांगतात. डोक्याला पटतं, हातांना पटत नाही. दहा वर्षं ही पोर माझ्या घरात पडते आहे. मी ऊन सोसलं, उपास सोसले, तिच्या शाळेसाठी शेत विकलं. पण ती पडली की मी तोंड फिरवते आणि ती उठली की तिला पाणी देते. लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते असं आहे.

३ ऑगस्ट, शनिवार

झालं. मूठ उघडली.

दुपारची गर्दी होती. स्कोला ताटल्या घेऊन बाकांमधून येत होती, कास्तोर कोपऱ्यात जेवत होता. समोर थांब्यावर मोरोगोरोच्या बसचा टायर फुटला. बंदुकीसारखा बार झाला. मी दचकले, सगळेच दचकले. स्कोला मात्र दचकून उभी राहिली आणि उभीच्या उभी कोसळली. ताटल्या फुटल्या, राजमा भिंतीवर उडाला.

गिऱ्हाइकं आमच्याच गावची. कोणी काही न सांगता बाकं मागे सरली आणि तिच्याभोवती मोकळा गोल झाला. मीही त्या गोलाच्या कडेलाच. तेवढ्यात कास्तोरने उडी मारली.

“शिवू नकोस तिला,” मी ओरडले.

त्याने ऐकलं नाही. गुडघ्यावर बसला, तिला उताणी केली, छातीला कान लावला. भर खानावळीत, लग्नाआधी. मला कुठं तोंड लपवू असं झालं. मग त्याने वर पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही.

“आत्या, आत काही वाजत नाहीये.”

“तिला फेफरं आहे. बाजूला हो, तुला लागेल.” अशा तऱ्हेने मी सांगितलं. दोन महिने शब्द जुळवत होते, ते असे बाहेर पडले.

तिचे हात झटकले गेले, एकदा, दोनदा. कास्तोर कान लावूनच होता. मग म्हणाला, “फडफडतंय.” मग थोडं थांबून, “ठोका लागला.” आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. स्कोलाने डोळे उघडले, आधी पांढरीफटक होती ती लाल झाली, आणि काय बोलली तर, “ताटल्या कोणी फोडल्या?”

४ ऑगस्ट, रविवार

कास्तोर सकाळीच आला. मी त्याच्या घरच्यांनी दिलेली कापडं घडी घालून ठेवली होती, परत न्यायला सोपी जावीत म्हणून.

“हे काय?” तो म्हणाला.

“घेऊन जा. मी खोटं बोलले. मुलीचा दोष नाही, ती तुला सांगू म्हणत होती.”

“तिने सांगितलंय. जूनमध्येच.”

म्हणजे मी एकटीच झाकत होते. मला राग यावा की हसू, समजेना. स्कोला चुलीकडे तोंड करून उगीचच लाकूड खालीवर करत होती.

“आत्या, फेफरं मला चालतं,” कास्तोर म्हणाला. “माझ्या मामाला होतं, त्याला मी पाहिलंय. पण काल मी पाहिलं ते निराळं होतं. तिचं हृदय थांबलं होतं. मला त्यातलं कळत नाही, पण थांबलं होतं एवढं खरं. इफाकाराच्या मोठ्या इस्पितळात दाखवू.”

प्रेमात पडलेल्या पोरांना एकमेकांची हृदयं थांबल्यासारखी वाटतातच. माझ्या नवऱ्यालाही वाटायची. पण लग्न मोडलं नाही या आनंदात मी हो म्हटलं. त्याने कापडं उलगडून परत ठेवली, माझ्यापेक्षा नीट घडी घातली.

१३ ऑगस्ट, मंगळवार

इफाकाराहून आत्ताच परतले. अंग धुळीने माखलंय, पण आधी लिहिते.

डॉक्टर बाई तरुण आहेत, नाव डॉक्टर नुरू. स्कोलाला त्यांनी फार काही विचारलं नाही. म्हणाल्या, “पडणाऱ्याला काही आठवत नाही. पाहणारं कोण?”

“मी,” मी म्हटलं. “दहा वर्षं पाहते आहे.”

“मग सांगा. पडताना चेहरा निळा पडतो की पांढरा?”

मी कास्तोरकडे पाहिलं.

“फेस येतो?”

“येतो. सगळ्यांना येतो.”

“हिला येतो का? तुम्ही पाहिलाय?”

त्या एकेक विचारत गेल्या, “जीभ चावली जाते? झटके किती वेळ? उठल्यावर गोंधळलेली असते का?”

दहा वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. गावच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी हेच प्रश्न विचारले होते, तेव्हा मी शेजारच्या घरी जे पाहिलं होतं ते सांगितलं. मला वाटलं होतं, सगळ्यांचं सारखंच. आमच्याकडे माणूस पडला की त्याला काय झालंय हे कोणी विचारत नाही, सगळ्यांना माहीतच असतं.

“फेस नव्हता,” कास्तोर म्हणाला. “आधी पांढरी, मग लाल. जीभ चावली नाही. झटके थोडेच. उठली ती ताटल्यांबद्दल बोलतच.” एकदा पाहिलं त्याने, आणि सगळं सांगितलं. मी खुर्चीवर बसून माझ्या हातांकडे बघत राहिले.

“आणि पडायच्या आधी काय झालं होतं?”

“टायर फुटला,” स्कोला म्हणाली. “त्याआधी फोनचा गजर. त्याआधी विगेलेगेले.” तिने स्वतःशी जुळवून ठेवलं होतं. मला का नाही सांगितलंस, असं मी म्हणणार होते. मग म्हटलं नाही.

छातीला वायरी लावून कागदावर आलेख काढला. डॉक्टर बाईंनी पट्टी लावून तो पुन्हा पुन्हा मोजला, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून दाखवला. मग आम्हाला समजावलं. ठोका पडला की पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला हृदयाला वेळ लागतो. स्कोलाच्या हृदयाला तो जास्त लागतो. नेमकं तेव्हा कोणी दचकवलं की ते ताल सोडून नुसतं थरथरतं. मेंदूला रक्त पोचत नाही, माणूस पडतो, हातपाय झटकतात. लांबून बघणाऱ्याला फेफरंच वाटतं.

“मग फेफरं नाहीच?” मी विचारलं.

“मला तसं वाटतं. पण लगेच शपथ घेत नाही. ही दोन्ही दुखणी एकमेकांत पाय अडकवतात. खऱ्या फेफऱ्यातही हृदय धावतं, कधी अडखळतं. म्हणून जुन्या गोळ्या हळूहळू कमी करू, एकदम नाही. हृदयाची गोळी आजपासून सुरू. ती चुकवायची नाही. आजवर हृदय दर वेळी पुन्हा तालावर आलं. एखाद्या वेळी येणार नाही.”

त्यांनी हे आवाज न चढवता सांगितलं, म्हणून जास्त भीती वाटली.

हे घराण्यातून येतं म्हणाल्या. वडील कसे गेले? मी सांगितलं, माझा भाऊ सेव्हेर किलोम्बेरो नदीत बुडाला, स्कोला चार वर्षांची होती. पोहता येत होतं का? माशासारखा पोहायचा, मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता थांबले. अठरा वर्षं मी त्या नदीला शिव्या देते आहे.

माझाही आलेख काढला. सरळ निघाला. मला आनंद व्हायला हवा होता. पण सेव्हेरचं आणि माझं रक्त एक, आणि त्याच्यातलं मला काहीच आलं नाही, याचं उगाच वाईट वाटलं.

१५ ऑगस्ट, गुरुवार

आज चर्चचा सण. मिस्साची प्रार्थना सुटल्यावर मी चर्चच्या पायरीवर उभी राहिले आणि भेटेल तिला सांगितलं, आमच्या स्कोलाला फेफरं नाही, हृदयाचं आहे. मेल्किओर आजोबांना तर दोनदा सांगितलं. माझी मान दहा वर्षांनी ताठ झाली होती.

घरी आले तर स्कोला भाजी चिरत होती. चिरणं थांबवलं नाही.

“सगळ्यांना सांगून झालं?”

“का नको सांगू? आनंदाची गोष्ट आहे.”

“काय आनंदाची? फेफऱ्याने मी मेले नसते बहुतेक. याने मरेन.”

“असं बोलू नये.”

“तू आज मला मिठी मारलीस, आत्या. चर्चसमोर, सगळ्यांसमोर.” आता तिने सुरी ठेवली. “आणि फेफरं असतं तर?”

मी चुलीत लाकूड सारलं. उत्तर आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तिने पुन्हा भाजी घेतली. म्हणाली, “युदिता पायरीच्या खालीच उभी होती. तिने सगळं ऐकलं.”

जेवण झालं नाही आज. मला वाटलं होतं मी पोरीवरचा डाग पुसला. पुसला तो तिच्या मैत्रिणीच्या अंगावर.

२ सप्टेंबर, सोमवार

स्कोला पडलेली नाही. जुन्या गोळ्या कमी होत आहेत, पेंगणं गेलं, रस्स्यात मीठ एकदाच पडतं. हृदयाची गोळी घेतल्याबद्दल मी रोज विचारते आणि ती रोज डोळे फिरवते.

लग्नाची तारीख २८. आज बायकांची बैठक घेतली आणि सांगितलं, लग्नात विगेलेगेले होणार नाही. ढोल नाही, फटाके नाहीत, गाडीचे हॉर्न नाहीत.

“मग लग्न आहे का मयत?” एकजण म्हणाली. “मिठाशिवाय राजमा गिळायचा आम्ही?”

“मयतालाही आवाज असतो गं,” दुसरी म्हणाली.

शेवटी ठरलं की अंगावरचे रंगीत कांगा काढून डोक्यावर फडकवायचे, तोंड मिटून. एका म्हातारीने विचारलं, जीभ आपोआप हलली तर? मी म्हटलं, दातांखाली धरून ठेवा. हसल्या, पण तयार झाल्या. बायका कुरकुरतात, नाही म्हणत नाहीत.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज भांडण झालं. युदिताने आपला करवलीचा झगा शिवून आणला, निळा, बाह्या मनगटापर्यंत, हात झाकायला. झगा ठेवून निघून गेली, चहाही घेतला नाही. ती गेल्यावर मी विषय काढला. मी वाईट बुद्धीने काढला नाही. म्हटलं, युदिता वेदीजवळ ओरडून पडली तर तू दचकशील. डॉक्टर बाईंनी दचकण्याबद्दल काय सांगितलंय? तिला पुढच्या बाकावर बसवू, मानाने बसवू.

“म्हणजे माझ्या जिवासाठी,” स्कोला म्हणाली.

“तुझ्याच जिवासाठी.”

“आत्या, खरं सांग. माझ्याच जिवासाठी?”

मी खरं सांगितलं. म्हटलं, निम्मं. निम्मं लोकांसाठी. इफाकाराहून साठ माणसं येणार, फादर येणार, आणि तिथे फेस.

“ती उभी नसेल तर मीही उभी राहणार नाही,” स्कोला म्हणाली. “दहा वर्षं मी पडले की ती मला धरायची. रांगेत, शाळेत, नदीवर. तिला माहीत होतं माझं वेगळं आहे. ती म्हणायची, तू मरतेस आणि परत येतेस. मीच हसण्यावारी नेलं.”

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी कास्तोरला निरोप पाठवला की समजाव तिला. त्याचा उलटा निरोप आला: मी स्कोलाचं मनगट धरून उभा राहीन, युदिता उभी राहू दे.

२९ सप्टेंबर, रविवार

काल लग्न झालं. हात दुखतो आहे, तरी लिहिते.

चर्च भरलं होतं. स्कोला आत आली तेव्हा सगळ्या बायकांनी कांगा फडकवले, ओठ घट्ट मिटून. शंभर रंगांची कापडं हलत होती आणि फक्त कापडांचा आवाज. इफाकाराची माणसं चक्रावून बघत होती. माझी जीभ मी खरंच दातांखाली धरली होती. स्कोला पांढऱ्या झग्यात, कास्तोरने तिचं मनगट पकडलेलं, शेजारी युदिता फुलं घेऊन. मी पहिल्या बाकावर.

फादरांनी शपथांचं पान उघडलं तेव्हा युदिता ओरडली.

फेफऱ्याआधीची ती किंकाळी आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. माझं लक्ष आधी स्कोलाकडे गेलं. तिच्या अंगाला झटका बसला, चेहऱ्यावरचा रंग उतरला, कास्तोरने तिला दुसऱ्या हाताने कवेत घेतलं आणि मान खाली घालून तिच्या मनगटातला ठोका शोधत राहिला. तेवढ्यात मी काय काय विचार केला असेल देव जाणे. मग कास्तोरने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ठोका लागतोय. ती उभी होती.

“युदिताला कोणीतरी धरा,” स्कोला म्हणाली. ती स्वतः वाकायला गेली, कास्तोर तिला सोडेना.

वेदीसमोर मोकळा गोल झाला होता. करवल्या मागे, भजनवाले मागे, फादरही एक पायरी वर. मध्ये युदिता, निळा झगा, हातपाय आपटत. तिचं डोकं दगडी पायरीवर आदळत होतं. कोणी पुढे होत नव्हतं. तिची आईही कडेला उभी राहून माझ्यासारखीच तोंड फिरवून होती.

मी गेले. धाडस म्हणून गेले असं मी लिहिणार नाही. ते डोकं दगडावर आपटताना ऐकवत नव्हतं. मी खाली बसले आणि ते मांडीवर घेतलं. तिने माझा हात इतका जोरात आवळला की बोटं सुजली आहेत. तिला कुशीवर वळवलं. फेस माझ्या हातावर आला, मनगटावरून बाहीत गेला. गरम होता, बस, एवढंच. मग काय करायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी कास्तोरने केलं तसं केलं, छातीवर हात ठेवला. आत हृदय धावत होतं, डोंगर चढून आल्यासारखं. थांबलेलं नव्हतं. मी तिच्या कानाशी म्हणत राहिले, आहे, चालू आहे, आहे. तिच्यासाठी म्हणत होते की माझ्यासाठी, कोण जाणे.

बराच वेळ गेला. स्कोलासारखं नव्हतं हे, सरता सरत नव्हतं. झटके थांबले तरी डोळे उघडेनात. मग घोरू लागली. फादर हळूच म्हणाले, “तिला बाहेर नेऊन पुढे चालू करायचं का?”

“थांबू या, फादर,” स्कोला म्हणाली.

ती बसली पायरीवर, पांढऱ्या झग्यासकट, कास्तोर शेजारी. मग इफाकाराची माणसं बसली. मग सगळं चर्च बसलं. युदिताची आई आली आणि माझ्या बाजूला टेकली, आणि तिने आपल्या मुलीच्या पायावर हात ठेवला. आधी एक, मग दोन्ही.

युदिताने डोळे उघडले, पण बराच वेळ कोणाला ओळखलं नाही. छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिला माझा ओला हात दिसला आणि ती एकदम घाबरली. स्वतःच्या निळ्या बाहीने तो पुसायला लागली, घाईघाईने, चोरी पकडली गेल्यासारखी.

“मावशी, माफ करा. धुऊन या. लगेच धुऊन या.”

“राहू दे,” मी म्हटलं.

“लागेल तुम्हाला.”

“नाही लागत. भिंतीवर चित्र लावलंय.”

ती पुसायची थांबली. पण मी हात काढला नाही हे बघायला तिला वेळ लागला. मग तिने मान वळवून स्कोलाकडे पाहिलं, पायरीवर बसलेली, आणि तिचा चेहरा रडवेला झाला.

“लग्न झालं?”

“कसं होईल?” मी म्हटलं. “करवली झोपली होती.”

तिला उठून बसवलं, पाणी दिलं, फुलं परत हातात दिली. उभं राहायला तिला दोघींचा आधार लागला, एका बाजूने तिची आई, दुसऱ्या बाजूने मी. फादरांनी पान शोधलं आणि पुन्हा पहिल्या शपथेपासून सुरुवात केली.